काळ्या पट्टीवरचं नाव

"सही जुळत नाही," हंबीरराव म्हणाले आणि पैसे काढायचा फॉर्म त्यांनी काचेखालच्या फटीतून असा परत सरकवला, की तो केरूच्या हातात न येता थेट जमिनीवर पडावा. अकरा वर्षांच्या सरावाने त्यांना हे साधलं होतं.

केरूने वाकून फॉर्म उचलला. हेही अकरा वर्षांच्या सरावानेच.

"कुटं जुळंना, साहेब?"

"होवाळमधला शेवटचा ळ बघ. नमुन्याच्या कार्डावर कसा पाटावर बसल्यागत ताठ बसलाय. आणि हा? हा पिऊन आडवा झालाय."

"त्यो चौऱ्याहत्तर सालचा हाय, साहेब. आता त्योबी म्हातारा झाला आसंल."

रांगेत कोणीतरी हसलं. हंबीररावांनी मान वर करून हसणारा कोण ते पाहून घेतलं. त्याचा नंबर आल्यावर त्याचीही सही जुळणार नव्हती.

"शहाणपणा शिकवू नकोस. दुसरा फॉर्म लिही. नाहीतर हा पॅड आहे, अंगठा उठव आणि मोकळा हो."

"अंगठा न्हाई."

"मग बस गिरवत."

केरू फॉर्म घेऊन बाकावर बसला. त्या बाकाचा कुठला खिळा वर आलाय हे त्याला न बघता ठाऊक होतं.

केरू सदाशिव होवाळ हा काही पेपरात नाव यावं असा माणूस नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने आटपाडीच्या माळावर जागोजागी बोअर मारले, त्यांवर हातपंप बसवले, आणि पंप मोडायला लागल्यावर ते दुरुस्त करायला माणसं हवीत हे दोन वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं. त्या माणसांतला हा एक. चोवीस वर्षं त्याने पंपांची पोटं उघडली. पंप चालू झाला की पहिली धार त्याच्या ओंजळीत पडे. तो हत्यारं आवरायला लागला की गावातलं कोणीतरी लगबगीने येऊन पंप धुऊन घेई. धुवायला पाणी कुठून आणलं, हे केरूने कधी विचारलं नाही. तेवढं विचारणं नोकरीच्या नियमांत बसत नव्हतं.

खातं उघडलं ते पहिल्या पगाराला. तेव्हा त्याने नमुन्याच्या कार्डावर अशी झोकदार सही ठोकली, की तेव्हाचे मॅनेजर म्हणाले होते, "पंपवाले आहात का मामलेदार?" पुढे सत्याऐंशी साली एका वाडीत पाइप वर ओढताना क्लॅम्प सुटला आणि सगळा पाइप उजव्या अंगठ्यावर आला. अंगठा वाचला. सही गेली.

नवी सही नोंदवायची सोय बँकेत होती. तिच्यासाठी अर्ज करावा लागे. अर्जावर जुनी सही लागे.

त्याच सुमाराला हंबीरराव साताऱ्याच्या शाखेतून बदलून सांगलीला आले. हे मूळचे पलूसकडचे, घरी ऊस, घरातली दोन माणसं फौजेत. साताऱ्याला त्यांनी एका ओळखीच्या बागायतदाराची सही न बघता पास केली होती. ती पुतण्याची निघाली आणि हंबीररावांची एक वेतनवाढ जन्माची गेली. तेव्हापासून ओळख हा प्रकारच त्यांनी बंद करून टाकला. समोर सख्खा मेहुणा उभा राहिला तरी ते आधी सही बघत. केरूच्या बाबतीत मात्र त्यांनी जरा जास्तच मन लावलं होतं. दर महिन्याला चार-पाच फॉर्म वाया जात. मग दीडच्या सुमाराला आतून डब्यांचा वास आला, की पाचवी किंवा सहावी सही एकदम जुळे.

अंगठा का नाही, हे केरूने त्यांना कधी सांगितलं नाही. त्याची आई बायडाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. मस्टरवर अंगठा लागे. मुकादम तिचा अंगठा स्वतःच धरी, पॅडवर दाबी, कागदावर दाबी आणि रबरी शिक्का बाजूला ठेवावा तसा सोडून देई. "हात माजा, आन् मला इचारतबी न्हाई मुडदा," ती म्हणायची. हिनेच छप्पन साली धम्म घेतल्यावर मिसरूड फुटलेल्या केरूला पुन्हा शाळेत नेऊन तिसरीत बसवला होता, गुडघे बाकाला लागत असताना. केरूची पहिली सही बघायला ती बँकेच्या दारापर्यंत आली होती. आत आली नाही. पायात चप्पल नाही, फरशी खराब होईल, म्हणाली.

त्या दिवशी सहावी सही जुळली. ते साल अठ्ठ्याण्णव होतं आणि केरू नुकताच निवृत्त झाला होता. पगाराच्या जागी पेन्शन आली, बाक तेच राहिलं.

दिवाळीत बँकेच्या दाराशेजारी काचेची खोली उभी राहिली आणि तिच्यात मशीन बसलं. त्याच्याबरोबर राजनंदिनी नावाची एक तरुण ऑफिसर आली. गळ्यात बँकेचं ओळखपत्र घालून ती रांगेतल्या माणसांना बाजूला घेई आणि कार्डाची माहिती सांगे. सांगलीकर ती शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहत.

"काका, तुम्ही कार्ड का घेत नाही?" तिने केरूला गाठलं. "तुमच्याच खात्याला जोडलेलं असतं. केव्हाही या, पैसे काढा. काही दुकानांतसुद्धा चालतं."

"सही लागती का?"

"नाही. चार आकडे लागतात."

"कुणाला दावायचं?"

"कुणालाच नाही. तुम्ही आणि मशीन."

केरूने काउंटरकडे एकदा बघून घेतलं. "आन् आकडं वाकडं आलं तर?"

"वाकडे कसे येतील, काका? बटणं असतात."

कार्डाच्या अर्जावर अर्थातच सही होती. केरूने ती केली आणि मान खाली घालून, आता फॉर्म कुठे पडतो, याची वाट बघत बसला. राजनंदिनीने अर्ज फाइलला लावला.

"जुळली?"

"माझ्यासमोर केलीत ना? मग तुमचीच."

हा विचार अकरा वर्षांत त्या इमारतीत कोणाला शिवला नव्हता. पलीकडून हंबीरराव ओरडले, "मॅडम, त्याची सही जुळत नाही!"

"कार्डांचं काम माझ्याकडे आहे, साहेब."

"असू द्या, असू द्या. बुडल्यावर सांगा."

कार्ड आलं. मागोमाग बंद पाकिटात नंबर आला. हा नंबर कोणालाही सांगू नये, घरच्यांनाही नाही, असं सोबतच्या कागदावर मराठीत छापलं होतं. केरूने तो कागद मोठ्याने वाचला, ही त्याची चूक.

"म्हंजी मला बी न्हाई?" बनाबाईने विचारलं. ही त्याची बायको. तिने तेहतीस वर्षं त्याचे ग्रीसचे कपडे धुतले होते.

"बँकंनं लिवलंय."

"बँकंनं भाकरी थापली व्हय तुमाला तेहतीस वरसं?"

"अगं, नियम हाय."

"मग नियमालाच सांगा, आमटी वाढ म्हनून."

तीन दिवस आमटीत मीठ नव्हतं. चौथ्या दिवशी केरू नंबर सांगायला तयार झाला. तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. "नगं. बँकंचं माणूस यिऊन तुमालाच धरंल."

मशीनची भीती पहिल्या खेपेलाच गेली. पडद्यावर इंग्रजी होतं, पण केरूने अक्षरं वाचलीच नाहीत. राजनंदिनीने दाखवलेली बटणं त्याने पंपाच्या नटबोल्टांसारखी लक्षात ठेवली : पहिलं डावं खालचं, मग उजवं तिसरं. आत घरघर झाली. नोटा अर्ध्या बाहेर आल्या आणि थांबल्या, कोणी हातात द्याव्यात तशा. केरूही थांबला. आपण घेईपर्यंत त्या पडणार नाहीत, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

त्यानंतर तो पैसे काढून झाले की मुद्दाम आत जाई. हंबीररावांच्या तीन नंबरच्या काउंटरसमोर पाण्याचा कूलर होता. तिथे उभा राहून ग्लासभर पाणी अगदी सावकाश पिई.

"काय केरू," हंबीरराव म्हणत, "झालास का मशीनचा जावई?"

"व्हय साहेब. मानपान लय हाय. पोशाख तेवढा ऱ्हायलाय."

"त्या मशीनच्या पोटात रोज सकाळी नोटा कोण भरतं, ठाऊक आहे का?"

"कोन?"

"मी. मागचं दार आमच्या बोळात उघडतं. तुझ्या सासऱ्याला रोज मीच चारा घालतो."

केरूने उरलेलं पाणी एका घोटात संपवलं. "तरीच," तो म्हणाला. "तरीच म्हनलं, नोटांला तुमच्या हाताचा वास कसा? बरं झालं साहेब, मधी मशीन हाय. फेकायला गावत न्हाई तुमाला."

हंबीररावांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांच्यासमोरची रांग आताशा चार माणसांवर आली होती.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात बनाबाईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डाव्याने तिला थोडं दिसे, तेही गडद रंग. मिरजेच्या दवाखान्यात पुण्याचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत. ते शुक्रवारी येणार होते. गुरुवारी सकाळी बनाबाई भरती झाली. भिंगाचे तीन हजार दुपारी चारच्या आत भरायचे होते. नाही भरले तर तारीख दुसऱ्याला जाणार आणि हिचा नंबर पावसाळ्यानंतर लागणार. तोवर डोळा राहील की नाही, हे डॉक्टरांच्या मदतनिसाने केरूला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"दोन तासांत येतो," केरू खाटेजवळ उभा राहून म्हणाला. पैसे आधी काढून ठेवावेत असं बनाबाई आठवडाभर म्हणत होती. पण खिशात कार्ड असताना घरात रोकड ठेवणं केरूला गावंढळपणाचं वाटलं होतं.

"कार्ड बगितलं का तुमी?" बनाबाईने विचारलं. तिच्या तोंडावर चोरटं हसू होतं.

"का?"

"बगा तर खरं."

केरूने पाकिटातून कार्ड काढलं. पुढची बाजू होती तशीच होती. त्याने ते उलटं केलं. मागच्या काळ्या पट्टीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या रेघेत कोरलं होतं : केरू सदाशिव होवाळ. शेवटचा ळ पाटावर बसल्यासारखा ताठ होता.

बनाबाईच्या घरात नाव नसलेली वस्तू नव्हती. तांब्यापासून उलथन्यापर्यंत सगळ्यांवर तिने नाव घालून घेतलं होतं. लग्नकार्यात भांडी गल्लीभर फिरत आणि नावावरून घरी परत येत. नाव नसलेली वाटी ही तिच्या लेखी दुसऱ्याचीच वाटी.

"ह्ये कवा केलंस?"

"काल तुमी आंघोळीला गेल्तासा तवा काडलं. मग गणपती पेठंत भांड्यावाल्याकडं गेले. तुमच्या हत्याराच्या पेटीचं झाकण बरूबर न्हेलं."

"झाकण? बसमदनं?"

"मग? त्याच्यावर तुमची जुनी सही न्हाई का, छिन्नीनं घातल्याली? म्हनलं, हीच उठव, जशीच्या तशी. त्यो म्हनला, कुनाकडनं सप्रेम भेट घालू? म्हनलं, काय नगं. घरचंच हाय."

"पर कशापायी, बना?"

"चौदा एप्रिलला राजरत्न आल्ता, तवा तुमी त्येचंच कार्ड घिऊन निगाल्तासा. दोन्ही सारकीच." राजरत्न हा त्यांचा मुलगा, पुण्याला कारखान्यात होता. "आन् नाव मुद्दाम काळ्यावर घातलं. पांडऱ्यावर मला दिसत न्हाई. काळ्यावर कसं, पाटीवरल्यागत दिसतंय. आता नंबर तुमचा, नाव माज्याकडनं."

केरू सहीकडे बघत राहिला. ही सही त्याच्या हाताला बारा वर्षं आली नव्हती. तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता आणि अंगठा तोच होता, पाइपाखाली सापडलेला.

"झ्याक झालंय," तो म्हणाला आणि बस पकडायला निघाला.

मशीनने कार्ड अर्धं घेतलं आणि करकरलं. केरूला तो आवाज ओळखीचा होता. आत काहीतरी खरबरीत गेलं की पंपही असाच करकरतो. त्याने कार्डाचं टोक धरायला हात पुढे केला, तेवढ्यात मशीनने उरलेलं अर्धंही आत ओढून घेतलं. पडद्यावर इंग्रजी आलं. या वेळी ते वाचायला हवं होतं, पण ते न वाचताही कळत होतं.

एक वाजला होता. बँकेचे व्यवहार दोनला बंद होत.

हंबीररावांनी मशीनचं मागचं दार उघडून कार्ड बाहेर काढलं आणि काउंटरवर ठेवलं. पट्टी बघून त्यांचे डोळे बारीक झाले.

"हे काय कोरलंयस?"

"नाव."

"या पट्टीतच सगळं असतं, शहाण्या! खातं, नंबर, सगळं. त्याच्यावर नांगर धरलास? आता काय पीक घेतोस त्याच्यात?" त्यांनी रांगेकडे पाहिलं. रांग हसली. "मॅडम, बघा हो, तुमचं कार्ड तांब्या समजून आणलंय यानं."

राजनंदिनी उठून आली. तिने कार्ड हातात घेतलं आणि मान हलवली. "हे आता नाही चालायचं, काका. नवीन मागवते. तीन आठवडे लागतील."

"माज्यापाशी तीन तास हायती."

"मग फॉर्मवर काढा पैसे," हंबीरराव म्हणाले, आणि फॉर्म फटीतून आला. या वेळी केरूने तो खाली पडायच्या आत धरला.

पहिली सही जुळली नाही. दुसरी जुळली नाही. तिसरीला पेनचं टोक कागदात रुतलं. चौथीला त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. सव्वा झाला, दीड झाला. केरू डब्याच्या वासाची वाट बघत होता. वास आला नाही. मग त्याच्या लक्षात आलं, आज गुरुवार. हंबीररावांचा उपवास.

"साहेब," तो काचेला तोंड लावून म्हणाला, "बायकूचा डोळा हाय. उद्या ऑपरेशन हाय. चारच्या आत मिरजंत पैसं भरायचं हायती."

"डोळ्याचं मी समजू शकतो. सहीचं काय करू? उद्या कुणी म्हणालं, माझी नव्हती, तर माझ्या पगारातून जातात." हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला होता. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कार्ड उचललं, काळी पट्टी नमुन्याच्या सहीशेजारी धरली, चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर तपासलं. रांग पुढे झुकली.

"ही जुळते," ते म्हणाले. स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दांचा त्यांनाच धक्का बसला होता. "काना-मात्रेसकट जुळते. कुणी केली ही?"

खोटं बोलायला ती वेळ चांगली होती. पण केरूला सवय नव्हती.

"गणपती पेठंतल्या भांड्यावाल्यानं."

"मग त्याला घेऊन ये," हंबीरराव म्हणाले. "त्याला देतो पैसे."

या वेळी रांगेत कोणी हसलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. केरूने घड्याळ पाहिलं, मग शाईचा पॅड पाहिला. अकरा वर्षं तो तिथेच होता, काउंटरच्या उजव्या कोपऱ्यात, पत्र्याच्या झाकणाखाली.

"पॅड सरकवा," तो म्हणाला.

ही गोष्ट हंबीरराव दर महिन्याला सुचवत आले होते, पण ती घडली तर पुढे काय करायचं, याचा त्यांनी कधी विचार केलेला नसावा. त्यांनी काचेचं दार उघडलं, पॅड पुढे केला आणि सवयीने केरूचं डावं मनगट धरलं.

"हात सोडा, साहेब."

"अरे, नीट उठायला पाहिजे—"

"हात सोडा. माजा मी उठिवतो."

हंबीररावांनी हात सोडला. केरूने डावा अंगठा पॅडवर टेकवला आणि फॉर्मवर, जिथे इतकी वर्षं सही जुळली नव्हती त्या रेघेवर, उमटवला. चोवीस वर्षं पाइप आणि नट आवळायचे पाने धरून त्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. कागदावर एक निळा डाग उमटला, फक्त निळा. जुळवायला त्यात काहीच नव्हतं.

"द्या पैसं."

"थांबा," राजनंदिनी म्हणाली. ती फॉर्मच्या मागची बाजू बघत होती. "अंगठा असला की ओळख लागते. हा अंगठा अमक्याचाच, मी याला ओळखतो, असं कोणीतरी लिहून सही करायची."

"आण मग कोणी ओळखीचा," हंबीरराव म्हणाले.

केरूने रांगेकडे पाहिलं. चार अनोळखी माणसांनी चार दिशांना पाहिलं.

"मी केली असती, काका. पण ओळख दोन वर्षांची लागते, आणि मला इथं येऊन सहा महिने झालेत." ती हंबीररावांकडे वळली. तिचा चेहरा अगदी सरळ होता. "साहेब, तुम्हीच ओळखता की यांना. अकरा वर्षं."

हंबीररावांनी केरूकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि बहुधा साताऱ्याच्या त्या बागायतदाराच्या पुतण्याकडेही पाहिलं. घड्याळाचा काटा दोनला टेकायला आला होता. ओळखत नाही म्हणायला तोंड उघडावं, तर दर महिन्याला याच्याशी भांडताना सगळ्या शाखेने त्यांना पाहिलं होतं.

त्यांनी पेनचं टोपण काढलं. अक्षर त्यांचं सुरेख होतं, जुन्या वळणाचं. लिहिलं, सही केली आणि फॉर्म आपल्याकडे ओढणार, तोच केरूने त्याच्यावर बोट ठेवलं.

"वाचू द्या."

"वाचायला काय आहे त्यात?"

"मला येतंय वाचाय."

तो वाकून वाचू लागला, पुटपुटत, शाळेत वाचावं तसं. "सदर अंगठा... श्री. केरू सदाशिव होवाळ... यांचा असून, मी त्यांना... अकरा वर्षांपासून... ओळखतो." 'श्री'वर तो जरा थांबला होता.

मग त्याने फॉर्म परत दिला. "ह्या सहीचं कार्ड हाय न्हवं तुमच्यापाशी, साहेब? बगा, जुळती का."

"निघ आता," हंबीरराव म्हणाले. त्यांच्या मानेची शीर टरारली होती. नोटा फटीतून आल्या. पडल्या नाहीत.

"कार्ड?"

"रद्द कार्ड कापूनच द्यायचं, नियम आहे." त्यांनी ड्रॉवरमधून कात्री काढली. कार्ड मधोमध आडवं कापायला कात्री लावली, थांबले, कार्ड फिरवलं आणि पट्टीच्या कडेने लांबीत कापलं. काळी पट्टी अख्खी राहिली. तसं मुद्दाम केलं की हाताला तेच सोपं पडलं, ते सांगता येत नाही. दोन्ही तुकडे त्यांनी फटीतून सरकवले आणि 'बंद' लिहिलेली पाटी काउंटरवर आडवी ठेवली.

साडेतीनला पैसे भरले गेले. दवाखान्यातल्या कारकुनाने संमतीचा कागद पुढे केला आणि बोटाने जागा दाखवली. केरूने सही केली. ळ आडवा पडला, अर्धा रेघेखाली गेला. कारकुनाने न बघता कागद फाइलला लावला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या संध्याकाळी केरू दवाखान्याच्या अंगणातल्या नळावर बराच वेळ बसला. साबणाने घासलं, वाळूने घासलं, शेवटी चहाच्या गाड्यावरून रॉकेलचा बोळा मागून आणला. ग्रीस निघतं, गंज निघतो. शाई नखाच्या कडेने तशीच राहिली.

ऑपरेशन नीट झालं. शनिवारी सकाळी नर्सने पट्टी सोडली. बनाबाई दोन-तीनदा डोळा मिटून उघडून खोलीभर बघत राहिली. खिडकी, खिडकीचे गज, गजावर वाळत घातलेला कोणाचा तरी टॉवेल.

"आवं, तुमी लय पिकलासा की वो," ती केरूला म्हणाली. "कवा झालं ह्ये सगळं पांडरं?"

"कालपातूर काळंच हुतं. तूच डोळं उगडायची घाई केलीस."

ती हसली. मग म्हणाली, "त्या मशीननं दिलं न्हवं पैसं?"

"दिलं की."

"नाव बगून?"

"नाव बगूनच."

"मग? मी सांगत न्हवते?" तिचं समाधान झालं. ती त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली, कपाळ, कॉलर, शर्टाचं तुटलेलं बटण, दुकानात आवडलेली वस्तू नीट बघून घ्यावी तशी. तिची नजर खाली येऊन थांबली.

"आन् डावा हात खिशात का घातलाय सकाळधरनं?"

केरूने खिशातल्या खिशात काळी पट्टी मुठीत धरली आणि अंगठा तिच्याखाली दडवला.

"थंडी वाजतीया," तो म्हणाला.

बाहेर मिरजेतला मे महिना तापत होता. वॉर्डात पंखा बंद होता आणि नर्स पदराने वारा घेत होती. बनाबाईने आपल्या अंगावरची चादर काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली.